सासूबाईंच्या डोकेदुखीची वही

दवाखान्यात तिला तोंडावर सगळे ‘सिस्टर’ म्हणत आणि पाठीमागे ‘चाळणी’. हे दुसरं नाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. चाळण्यात वाईट काय आहे? कोंडा वर राहतो, पीठ खाली पडतं. वाईट एवढंच, की अकरा वर्षं चाळत बसलं की सगळं जगच कोंड्याचं वाटायला लागतं, आणि तिचं नेमकं तेच झालं होतं.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. पडदे जाड, दिवा एकच आणि तोही भिंतीकडे तोंड केलेला, पंखा सगळ्यात हळू. इथे येणाऱ्यांना उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, शेजारी बसलेल्या माणसाच्या केसांच्या तेलाचा वाससुद्धा सोसत नाही. वर्षानुवर्षं डोकं दुखणारी ही माणसं सगळे डॉक्टर, चष्मेवाले, दातवाले पालथे घालून शेवटी इथे येत. येताना प्रत्येकाने तीस दिवसांची वही भरून आणायची असा नियम होता. रोज डोकं दुखलं का, किती वाजता, कुठे, दहापैकी किती, त्याआधी काय घडलं आणि गोळी कुठली घेतली. गुरुवारी ती एकेकाला चाळीस मिनिटं समोर बसवी, वही वाची, उलटसुलट विचारी, आणि सोमवारच्या बैठकीत तिचा कागद पुढे जाई.

बैठकीत चार जण. मोठे डॉक्टर, मानेचे व्यायाम करून घेणारे मास्तर, मनाच्या बाई आणि ती. तिथे रुग्णाची रांग ठरे. साधं दुखणं असेल तर नुसते डॉक्टर, म्हणजे ‘एकाचा’. मान-खांदे आखडलेले असतील तर डॉक्टर आणि मास्तर, म्हणजे ‘दोघांचा’. आणि ज्यांचं डोकं महिन्यातले पंधरा दिवस आणि वर दुखतं, गोळ्यांची सवय लागली आहे, झोप गेली आहे, घरच्यांनी नाद सोडला आहे, ते ‘चौघांचे’. सहा आठवडे, आठवड्यातून दोन सकाळी, चौघेही जण मिळून. पण खोली लहान, खुर्च्या आठ, आणि मागणारे पन्नास. शिवाय चुकीच्या रांगेत गेलेला माणूस सहा महिने मान हलवत बसतो आणि मग म्हणतो, या लोकांना काही येत नाही. म्हणून चाळणी लागे.

तिच्या संशयाचा जन्म मात्र या खोलीतला नव्हता. नवी नवी अपघात विभागात असताना एक सभ्य दिसणारा माणूस पोटात कळ येते म्हणून विव्हळत आला होता. तिने धावाधाव करून गुंगीचं इंजेक्शन मिळवून दिलं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, पुन्हा तिने धावाधाव केली. तिसऱ्यांदा तो हसत हसत जिना उतरताना दिसला, आणि सगळ्या वॉर्डासमोर वरिष्ठ बाईंनी तिची बिनपाण्याने केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. ही पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली.

वह्यांबाबत तिने स्वतःचं शास्त्र बनवलं होतं. खोटी वही एका बैठकीत लिहिलेली असते. तीसच्या तीस दिवस एकच पेन, एकच तिरकस अक्षर, ओळी सरळ, कागद कोरा करकरीत. खरी वही घाणेरडी असते. चार पेनं, एखादा चहाचा डाग, मध्ये एकदोन दिवस रिकामे, दुखऱ्या दिवशीचं अक्षर कोसळलेलं. दवाखान्याच्या बाकावर बसून घाईघाईने महिना भरणारे तिने कितीतरी पकडले होते. आणि रोज संध्याकाळी जेवताना ती ते घरी रंगवून सांगे. ‘आज एकाने एकतीस दिवस भरले होते, महिना तिसाचा’ असं म्हणून ती पाण्याचा घोट घेई आणि समोरच्याने हसायची वाट बघे.

समोर असत सासूबाई. घरात बहुतेक वेळ या दोघीच. नवरा लांब पल्ल्याचे मालट्रक चालवणारा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मुलगी शिकायला परगावी. सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होत्या, कानावर यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून देत आणि ऐकलेलं पोटात ठेवत. सुनेचंही त्या तसंच ऐकत, ताट संपेपर्यंत, मध्ये एक शब्द न बोलता.

आणि सासूबाईंचं डोकं दुखे. सुनेचं मत विचाराल तर ते फार सोयीने दुखे. कपडे वाळत घालायचे असले की दुखे, नणंद राहायला यायची ठरली की दुखे, आणि सुनेने सुटीच्या दिवशी जरा कुठे जायचं म्हटलं की हमखास दुखे. ती काही बोलत नसे, नुसती पर्समधून पिवळी गोळी काढून हातावर ठेवी आणि म्हणे, “घ्या आणि पडा.” मोठ्या डॉक्टरांच्या टेबलाखालच्या खणात औषध कंपन्यांची माणसं नमुन्याची पाकिटं टाकून जात. तो खण सगळ्यांचाच होता असं समजलं जाई. तिने कधी विचारलं नाही आणि कोणी तिला विचारलं नाही.

एका गुरुवारी पाचव्या नंबरला दार उघडलं आणि सासूबाई आत आल्या. हातात पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात बाहेर जायच्या चपला. सकाळी घरातून निघताना त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. खालच्या खिडकीवर त्यांनी महिन्याभरापूर्वी येऊन कोरी वही नेली होती म्हणे, आणि गल्लीतल्या डॉक्टरची चिठ्ठीही रीतसर जोडली होती. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला, आणि परक्या माणसाकडे बघावं तसं सुनेकडे बघून म्हणाल्या, “नमस्कार बाई.”

नात्यातला रुग्ण आला तर आपण उठायचं आणि मनाच्या बाईंना बोलवायचं, असा नियम होता. तिने तो स्वतः तीन नव्या नर्सना शिकवला होता. पण आत्ता ती उठली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनाने घेतलं होतं आणि ते कुठे मुरतंय हे बघितल्याशिवाय वही दुसऱ्याच्या हातात द्यायची तिची तयारी नव्हती. तिने नाव विचारलं. सासूबाईंनी आडनावासकट सांगितलं, जणू त्या खोलीत त्या आडनावाचं दुसरं कोणी नव्हतंच.

“वय?”

“एकाहत्तर.”

घरी त्या अडुसष्ट सांगत. तिने मनात एक खूण केली.

“कधीपासून दुखतं?”

“ऑफिसात होते तेव्हापासून अधूनमधून. पण आता बारा-तेरा वर्षं झाली, महिन्यातले पाच-सहा दिवस सोडले तर रोजच.”

“कुठे ते बोटाने दाखवा.”

सासूबाईंनी दाखवलं. आधी मानेच्या खळीत, तिथून कानामागून वर, मग उजव्या भुवईवर बोट येऊन थांबलं. चटकन दाखवलं, अजिबात न शोधता. खोटं बोलणारे बहुतेक तळहात डोक्यावर ठेवतात.

“घरी कोण कोण?”

“मुलगा असतो कधीमधी. आणि सून.”

“घरच्यांना तुमच्या दुखण्याचं कितपत कळतं?” हा प्रश्न छापील होता, तिने तो बनवला नव्हता. तरी विचारताना तिचे कान तापले.

“सून दमून येते हो बाई. दिवसभर लोकांची दुखणी बघायची, घरी येऊन आणखी एक कुठे बघणार?”

ही साखर कशाला पेरली जाते आहे, ते तिला कळेना. तिने वही पुढे ओढली.

वही इतकी चांगली होती की तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चार पेनं. निळं, काळं, मग पुन्हा निळं, एक आठवडा शिसपेन्सिल. सतराव्या दिवसावर चहाच्या कपाची अर्धी कड. अकरावा आणि बाविसावा रिकामा. आठ-नऊ आकडा असलेल्या दिवशी अक्षर घसरलेलं. तिने स्वतः बसून खरी वही बनवायची म्हटली असती तर अशीच बनवली असती. ‘त्याआधी काय घडलं’ हा रकाना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळा, आणि गोळ्यांच्या रकान्यात भरलेल्या प्रत्येक दिवशी शून्य.

शून्य! गेल्या शुक्रवारी तिने दोन पाकिटं घरी नेली होती आणि बुधवारी त्यात एक गोळी उरली होती.

तिच्या पद्धतीप्रमाणे तिने तोच प्रश्न तीन वाटांनी विचारला. गोळी कुठली घेता? घेत नाही. फारच दुखलं तर काय करता? अंधार करून पडते. मागची गोळी घेऊन किती दिवस झाले? “गोळी घेतच नाही म्हटलं ना,” सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत बसल्या. एवढं धडधडीत खोटं त्या खोलीत फार दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

ती संध्याकाळ दोघींनी एकमेकींना मीठ-पाणी विचारण्यात घालवली. दवाखान्याचा विषय सासूबाईंनी काढला नाही आणि सुनेला काढायचा नव्हता. ती आतून तर्क लढवत होती. एक, या मला पकडायला आल्या. उद्या चारचौघांत ‘गोळ्या तर सूनच देते’ म्हणतील आणि माझं नाक कापतील. दोन, मी जेवताना फुशारक्या मारते त्या खऱ्या की खोट्या हे बघायला आल्या. तीन, मुळात दुखतच नाही. सहा आठवडे सकाळी घराबाहेर पडायचं निमित्त हवं आहे. तिसरा तर्क तिला सगळ्यात आवडला, कारण तो जुना होता.

कागद तर भरायचाच होता. वहीत आहे तसा भरला तर सरळ ‘दोघांचा’ होत होता. गोळ्या नाहीत, मान आखडलेली, द्या मास्तरांकडे. त्या खेपेच्या आठ खुर्च्यांपैकी सात भरल्या होत्या, आणि पुढची खेप तीन महिन्यांनी. तिने कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘दोघांचा’ लिहिलं. पण खोटं का बोलल्या, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती दोन तास लवकर घरी आली. सासूबाई वाचनालयात पुस्तक बदलायला गेल्या होत्या. तिने त्यांचं कपाट उघडलं. हे चांगलं नाही हे तिला कळत होतं. पण चांगलं वागायचं की खरं शोधायचं, असा प्रश्न आला की ती नेहमी दुसरीकडे जाई. घडीच्या कपड्यांमागे ऑफिसातली जुनी चामडी पर्स होती. तिची चेन अडकत होती. जोर लावून ओढली आणि आत बघितलं.

आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. रबर लावून गठ्ठे केलेले, एकेका महिन्याचा एकेक. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ऑफिसातल्या रजिस्टरसारख्या सरळ अक्षरात महिना आणि किती दिवस गोळी घेतली तो आकडा. एकवीस. चोवीस. तेवीस. सव्वीस. सहा वर्षं मागे जाईपर्यंत ती वाचत गेली.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सापडल्या, असं ती मोठ्याने म्हणालीही. मग तिचं लक्ष पुन्हा आकड्यांकडे गेलं. तिच्या स्वतःच्या खोलीत, तिच्या डोक्याच्या बरोबर मागे, एक तक्ता लावलेला होता. असली दोन-तीन औषधांची मिश्र गोळी महिन्यातून दहा दिवस किंवा जास्त, अशी तीन महिने घेतली तर गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी, आणि हे चक्र गोळी बंद केल्याशिवाय थांबत नाही. हे वाक्य तिने हजार माणसांना ऐकवलं असेल, आता तर न बघता म्हणायची. आणि घरी येऊन पर्स उघडायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की दिवा हातात धरून हिंडणाऱ्याला शेवटपर्यंत दिसत नाही.

“चेन जपून लाव. मध्येच अडकते,” दारातून आवाज आला.

सासूबाई काखेत पुस्तक घेऊन उभ्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं.

“आई, हे काय आहे?”

“तू दिलेल्या गोळ्या.”

“मग वहीत शून्य का लिहिलंत?”

सासूबाई पलंगावर बसल्या. “पाकिटावर काय छापलंय ते वाच. डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही. वहीत गोळी लिहिली की चौघं विचारणार, कुठली, कोणी दिली. मी काय सांगायचं? दवाखान्याच्या खणातली, सुनेने आणली? तुझी नोकरी जायची. म्हणून पाकिटं कधी कचऱ्यातसुद्धा टाकली नाहीत. कचरावाली सगळं वाचत बसते.”

मग सवयीप्रमाणे तिने हल्ला केला. “एवढं लपवायचं होतं तर आलात कशाला तिथे? काय बघायला आला होतात?”

“डोकं दुखतं म्हणून आले,” सासूबाई म्हणाल्या. “तिथे आणखी कशाला येतात लोक?”

तिच्या तीन तर्कांत हा नव्हता.

“आणि दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवशील म्हणून आले. तुमचा नियम आहे ना तसा? तूच सांगितला होतास जेवताना. तू समोर बसूनच राहिलीस, मग मी तरी काय करणार.”

“पण वही,” ती म्हणाली. “ती चार पेनं, तो चहा. ते मुद्दाम केलंत?”

“हो. तुझ्याच तोंडून ऐकलेलं सगळं. खरी वही निराळी आहे, तिथे पुस्तकांच्या मागे. एकाच पेनाने लिहिलीय, रोज रात्री झोपताना. खाडाखोड नाही, डाग नाही. एकतीस वर्षं रजिस्टर ठेवलंय मी, मला घाण लिहिता येत नाही. पण ती तुझ्या हाती पडली असती तर तू म्हणाली असतीस, एका बैठकीत लिहिली. म्हणालीच असतीस की नाही?”

म्हणालीच असती. पहिल्या पानावरच म्हणाली असती. कुठेही लपायला जागा नाही अशी लाज तिला वाटली. अपघात विभागात सगळ्यांसमोर बोलणी खाताना वाटली होती त्याहून जास्त. तिने पुस्तकांच्या मागची वही काढली. स्वच्छ, सरळ, गोळ्यांचे आकडे धरून सगळं भरलेलं. ‘त्याआधी काय घडलं’ हा रकाना यातही मोकळा होता. तो का, हे तिने विचारलं नाही. वाचणारी कोण असेल याचा अंदाज असलेलं माणूस तो रकाना मोकळाच ठेवणार.

शनिवार-रविवार तिने स्वतःशी घासाघीस करण्यात घालवले. एक सोपी वाट होती. कागदावर ‘गोळ्या : महिन्यातून चोवीस दिवस, दुकानातून’ असं लिहायचं. एक शब्द खोटा, बाकी सगळं खरं. सासूबाईंना खुर्ची मिळाली असती आणि तिची नोकरीही राहिली असती. सासूबाईंनीही हेच सुचवलं. “दुकानातून म्हण ना. मी कुठे बोलतेय?” पण चौघांच्या वर्गाचा पहिला धडाच असा होता, की गोळी बंद करायची तर ती आणून देणारा हात आधी धरायचा. नाहीतर गोळी नव्या दाराने परत येते. दुकान लिहिलं असतं तर ते तीन शहाणे बिचाऱ्या दुकानदाराच्या मागे लागले असते आणि तो हात तसाच पर्समध्ये राहिला असता. आणि स्वतःच्या हाताची खात्री? ती तिला सगळ्यात कमी होती.

सोमवारी बैठकीत तिने दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. आपलं नातं सांगितलं, नियम मोडून आपणच तपासलं हे सांगितलं, आणि मग खणाचं सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर तिने काहीतरी सारवासारव केली असती. मोठे डॉक्टर स्वच्छ वहीची पानं उलटत होते. मास्तर खाली बघत होते. ते हसत आहेत असा तिला संशय आला. मनाच्या बाई टेबलावरचा पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवत होत्या, त्यात काही अर्थ आहे असंही तिला वाटलं.

“किती वर्षं?” डॉक्टरांनी विचारलं.

“दहा तरी.”

“तक्ता तुमच्याच खोलीत लावलाय ना?”

“हो.”

डॉक्टरांनी उठून आपल्या टेबलाखालच्या खणाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तिला लेखी समज मिळाली. पुढचे सहा आठवडे वह्या मनाच्या बाई वाचणार आणि ही खाली रक्तदाब मोजणार, असं ठरलं. आठवी खुर्ची सासूबाईंना मिळाली. फक्त एका अटीवर, की गोळ्या बंद केल्यावर पहिले काही दिवस घरात कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. “दोन-तीन आठवडे आत्तापेक्षा जास्त दुखेल,” डॉक्टर म्हणाले. “रोजची वेगळी गोळी लिहून देतो, पण ती लगेच लागू पडत नाही. तोपर्यंत माणूस काकुळतीला येतं. तुम्हाला जमेल का?” तो शेवटचा प्रश्न साधा होता की टोमणा, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

पिवळ्या गोळ्या बंद झाल्या आणि घरात दोन पोलीस राहायला आल्यासारखं झालं. सून उशा उलटून बघे, कुठे एखादं पाकीट दडवलंय का. सासूबाई नव्या पांढऱ्या गोळीचं नाव चष्मा लावून चिठ्ठीशी ताडून बघत आणि विचारत, “ही खणातली नाही ना?” तिसऱ्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “तुझी नोकरी वाचली, तुला काय.” सातव्या दिवशी मुलाचा रस्त्यावरून फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या की तुझी बायको मला उपाशी ठेवल्यासारखं ठेवते आहे, आणि फोन ठेवून रडल्या. वर्गाला मात्र दोन्ही सकाळी गेल्या. मास्तरांनी शिकवलेली मान वळवताना अं अं करत, पण गेल्या. सून त्यांना तिसऱ्या मजल्यापर्यंत सोडी आणि खाली रक्तदाब मोजायला जाई. बंद दाराआड त्या आपल्याबद्दल काय बोलत असतील, या विचाराने तिचं दोनदा मोजमाप चुकलं.

नवव्या दिवशी दुपारी ती जेवायच्या सुट्टीत घरी आली. पडदे ओढलेले होते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, उजव्या भुवईवर मूठ दाबून. पाय पोटाशी घेतलेले. एकाहत्तर वर्षांचं ते शरीर पलंगावर फार थोडी जागा घेत होतं.

“एक दे,” त्या म्हणाल्या. “एकच. शपथ, मागणार नाही पुन्हा.”

तिच्या मनात लगेच जुना हिशोबीपणा जागा झाला. या माझी परीक्षा बघताहेत. मी दिली तर परवा वर्गात सांगतील. मी नाही दिली तर मुलाला सांगतील. हे सगळं एका क्षणात येऊन गेलं, इतकी सवय झालेली. मग तिने बघितलं की सासूबाईंच्या कानापाशी केस घामाने चिकटले आहेत आणि दाबलेल्या मुठीची नखं तळव्यात रुतली आहेत. ते बघायला कुठलंही शास्त्र लागत नव्हतं. ते इतकी वर्षं असंच समोर होतं.

“दुखतंय ना फार?” ती म्हणाली. हे विचारताना तिचा आवाज फुटला, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

“हो गं.”

“नाही देणार, आई.”

बाहेर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला तशा सासूबाई आकसल्या. मग त्यांनी भिंतीकडचं तोंड न वळवताच हात मागे केला आणि चाचपत सुनेचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, दुखेल इतकी.

“मग उठू नकोस तरी,” त्या म्हणाल्या.

दवाखान्यात दोन वाजता परत जायचं होतं. ती पलंगाच्या कडेला खाली फरशीवर बसली, हात तसाच वर ठेवून, आणि उठली नाही.